घंटी वाजवणारे आणि घंटी झेलणारे

मोबाईलची घंटी वाजते आणि माणसाच्या हातातले काम जागच्या जागी थांबते, ही आता इतकी रोजची गोष्ट झाली आहे की तिची कोणी दखल घेत नाही. घेतलीच तर प्रस्थापित वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या घेतात. तरुण पिढी मोबाईलने कशी बिघडली, आठवड्यातून एक दिवस फोन बंद ठेवून निसर्गाच्या सान्निध्यात कसे जावे, झोपण्याच्या खोलीत फोन का नेऊ नये, असे उपदेशाचे डोस त्यांत असतात. ज्याच्या घरात झोपायची खोली, स्वयंपाकाची खोली आणि पोरांच्या अभ्यासाची खोली मिळून एकच खोली आहे, त्याने या उपदेशाचे काय करायचे? ज्या बाईचा फोन बंद लागला तर दुसऱ्या दिवशी तिच्याकडे खुलासा मागितला जातो, तिने कोणत्या डोंगरावर जायचे?

आमचे म्हणणे असे की हा प्रश्न सवयीचा आहेच, पण त्याहून अधिक तो अधिकाराचा आहे. घंटी वाजवतो कोण, ती बंद करण्याची मुभा कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे तपासल्याशिवाय या विषयावर बोलणे म्हणजे भरल्या पोटाने उपवासाचे महत्त्व सांगणे होय.

आधी आमचीच चूक सांगतो, म्हणजे दुसऱ्याला दोष देण्यासाठीच लेखणी उचलली असे कोणाला वाटू नये. काही वर्षांपूर्वी जमिनीच्या एका दाव्यात आम्ही समोरच्या पक्षाच्या साक्षीदाराचा उलटतपास घेत होतो. वाटणीपत्र झाले तेव्हा आपण हजर होतो, असे त्याने सरतपासाच्या शपथपत्रात लिहून दिले होते. त्या दिवशी तो गावातच नव्हता, हे त्याच्याच तोंडून काढण्यासाठी आम्ही सहा प्रश्नांची साखळी बांधली होती. चौथ्या प्रश्नाला कोटाच्या खिशात फोन थरथरला. आवाज बंद होता. न्यायाधीश महोदयांना कळलेही नाही. आम्ही फोन बाहेर काढला नाही की खिशाकडे पाहिले नाही. पण मन गेले ते गेलेच. घरून असेल का, आईची तब्येत तर नाही ना, असा विचार क्षणभर आला आणि पाचवा प्रश्न गळून सहावा आधी विचारला गेला. साक्षीदार मुरलेला होता, तो सावध झाला. पुढे त्याने जे सांगितले ते त्याच्याच सोयीचे होते. बाहेर येऊन फोन पाहिला तर कर्ज हवे आहे का, असा जाहिरातीचा मेसेज! मागच्या बाकावर आमचा अशील बसला होता, दोन एसट्या बदलून आलेला. प्रश्न उलटसुलट विचारण्यात वकीलसाहेबांचा काहीतरी डाव असेल, असे त्याला वाटले. आम्ही गप्प राहिलो.

आम्ही फोनला हातही लावला नव्हता, हे येथे महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच तपासले. माणसांना सतत लक्ष द्यावे लागेल असे काम दिले आणि मध्येच त्यांच्या फोनवर कॉल व मेसेज पाठवले. फोन न उचलता, न पाहता, केवळ तो वाजल्याने किंवा थरथरल्याने कामातल्या चुका वाढल्या. आणि हे नुकसान फोन प्रत्यक्ष वापरल्याने जेवढे होते त्याच्या तोडीचे होते. कॅलिफोर्नियातील ग्लोरिया मार्क या संशोधिकेने सहकाऱ्यांसोबत २००८ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. काम करताना वारंवार अडवलेली माणसे काम अर्धवट टाकत नाहीत. ती घाई करून उरकतात, कधी कधी नेहमीपेक्षा लवकरही उरकतात. मात्र त्यांचा ताण आणि वैताग वाढतो. साहेबाला काम वेळेत झालेले दिसते. ते कोणाच्या अंगावर निघाले, हे कोणत्याही अहवालात येत नाही.

हे सारे आपोआप घडलेले नाही. पूर्वी मेसेज आला आहे का, हे पाहायला माणूस फोनकडे जात असे. आता फोनच माणसाकडे येतो. फोनमधले ॲप बंद असले तरी कंपनीच्या संगणकावरून थेट सूचना पाठवण्याची सोय ॲपलने २००९ मध्ये आयफोनवर दिली, इतरांनीही तोच मार्ग धरला. सूचना पाठवू का, अशी परवानगी प्रत्येक नव्या ॲपला आधी मागावी लागण्याचा नियम अँड्रॉइडमध्ये २०२२ साली, तेराव्या आवृत्तीत आला. म्हणजे इतकी वर्षे आमच्या घरात शिरताना दार वाजवायची पद्धतही नव्हती! माणूस जितक्या वेळा परत येईल तितकी जाहिरात विकली जाते, म्हणून त्याला परत बोलवायचे, असा हा रोकडा धंदा आहे. तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृतीला, म्हणजे सावध चित्ताला, स्वतंत्र स्थान दिले. आज तेच सावध चित्त 'माइंडफुलनेस' या नावाने ॲपमधून विकले जाते, आणि ध्यानाला बसण्याची वेळ झाली हे सांगायला ते ॲपही टुंग करून वाजते. असो.

जाहिरातीची घंटी बंद करता येते. थोडा वेळ देऊन, कोणा भाच्याला विचारून का होईना, करता येते. आमचा खरा विषय दुसरी घंटी आहे, जी बंद केली तर पोटावर येते.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक अंगणवाडीताई आल्या. गाव आणि प्रकल्प सांगत नाही, सांगितला तर त्रास त्यांनाच होईल. हातात कारणे दाखवा नोटीस होती. दिलेल्या वेळेत फोटो अपलोड केले नाहीत, सूचना देऊनही प्रतिसाद दिला नाही, मानधन का कापू नये, अशी त्यातली भाषा. आम्ही त्या दिवशी काय काय झाले ते क्रमाने सांगायला सांगितले.

तो महिन्याचा वजनाचा दिवस होता. मदतनीस रजेवर होती. ताई एकट्या, खोलीत लहान मुले, दाराशी पोरे घेऊन उभ्या असलेल्या आया. काट्यावर मूल ठेवायचे, ते रडते, हातपाय झाडते. ते क्षणभर स्थिर झाले की आकडा वाचायचा, लगेच नोंदवायचा, मग उंची घ्यायची. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला, आहारवाटपाचे फोटो टाका. थोड्या वेळाने दुसरा, फोटोत तारीख, वेळ व ठिकाण दिसले पाहिजे. मग ज्यांनी टाकले नाहीत त्यांच्या नावांची यादी, सगळ्या तालुक्याला दिसेल अशी. मग फोन. काट्यावर तेव्हा दीड वर्षाचे मूल होते. ताईंनी एका हाताने मुलाला धरले आणि दुसऱ्या हाताने फोन कापला. आकडा ८.९ होता. ॲपमध्ये भरला गेला ९.८.

आकडे उलटे झाले, बाकी काही नाही. कोर्टात तारीख उलटी पडली तर आम्ही दुरुस्तीचा अर्ज देतो. येथे मात्र जे मूल मध्यम कुपोषित म्हणून डोळ्यात तेल घालून सांभाळायचे, ते ॲपमध्ये साधारण होऊन गेले. त्याला ना जादा आहार, ना गृहभेट, ना डॉक्टरकडे पाठवणे. पुढच्या महिन्यात त्याचे वजन ९ किलो भरले आणि एका महिन्यात मूल आठशे ग्रॅम घटले, असे ॲप दाखवू लागले, तेव्हा ताईंच्या ध्यानात आले की मागचा आकडा चुकला होता. एक महिना गेला. दीड वर्षाच्या कुपोषित मुलाचा एक महिना म्हणजे काय, हे आमच्या वस्त्यांत कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

ताई आम्हाला म्हणाल्या, "साहेब, फोन घेतला असता तर पोरगं काट्यावरून पडलं असतं. नाही घेतला तर ही नोटीस." त्या नोटिशीत वजन चुकल्याबद्दल एक अक्षरही नाही. ती चूक वर कोणाला माहीतच नाही. नोटीस आहे ती फोटोबद्दल.

अंगणवाडीच्या कारभारात मोबाईल कसा आला, हे थोडक्यात पाहू. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू आहे. २०१८ मध्ये पोषण अभियान आले आणि सेविकांच्या हाती सरकारी मोबाईल आले. मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडीताईंनी जे केले त्याची चळवळीच्या इतिहासात नोंद झाली पाहिजे. त्यांनी ते मोबाईल गोळा करून सरकारला परत केले. फोनची क्षमता अपुरी, तो तापतो, अडकतो, दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी, आणि ॲप इंग्रजीत! मराठी शाळेत शिकलेल्या, मराठी मुलांना मराठीत बडबडगीते शिकवणाऱ्या बायांनी इंग्रजीत माहिती भरायची. तंत्रज्ञान नको म्हणून या बायांनी फोन परत केले, असे म्हणणारे तेव्हाही होते. ते साफ खोटे आहे. दहा-अकरा रजिस्टरे रात्री बसून लिहिण्याचा काळ परत यावा असे कोणत्याही ताईला वाटत नाही. फेब्रुवारी २०२३ च्या संपात त्यांची एक मागणी चांगल्या नव्या मोबाईलचीच होती. त्यांचा विरोध यंत्राला नव्हता. यंत्राच्या आडून येणाऱ्या बेमुदत हुकमाला होता.

तो हुकूम पुढे वाढतच गेला. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज याच ताईंनी मोबाईलवर भरले, एका अर्जाला पन्नास रुपये देऊ असे सांगून. जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थी मातेचा चेहरा मोबाईलवर ओळखून घेण्याची सक्ती आली. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, नवरा ऊसतोडीला नाहीतर बांधकामावर, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि त्याला फोन लावून आकडे विचारायचे ताईंनी. एका बाईच्या हातातल्या एका फोनवर किती खात्यांनी आपापली घंटी बांधावी? त्यात तिचे स्वतःचे घर, मुले, सासू-सासरे, आणि गावातले जयभीम-नमस्काराचे ग्रुप वेगळेच.

पर्यवेक्षिकेलाच सगळा दोष देऊन चालणार नाही, कारण तिलाही वरून घंटी येते. मंत्रालयातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तालुक्यातून बीटला. दुपारपर्यंत टक्केवारी पाहिजे, म्हणून प्रत्येक जण आपल्या खालच्याला वाजवतो. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. या घंटीचीही तशीच उतरंड आहे. वरून आलेले ओझे खाली सरकवता येते, म्हणून मधल्यांना ते फारसे जाचत नाही. सगळ्यात खाली ताई आहेत. त्यांच्या खाली फक्त काट्यावरचे मूल आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण शेवटी आमचा धंदा तो आहे. २००६ मध्ये कर्नाटक सरकार विरुद्ध अमीरबी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका नागरी पदावरच्या सरकारी नोकर नाहीत, असे ठरवले. एका योजनेखाली काम करणाऱ्या मानधनी कार्यकर्त्या, असा त्यांचा दर्जा राहिला. एप्रिल २०२२ मध्ये मणीबेन भारिया यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो, असा निकाल दिला. त्यांचे काम अर्धवेळचे आहे हा युक्तिवाद मान्य केला नाही. हा मोठा विजय होता. तरीही एक विचित्र अवस्था शिल्लक राहतेच. पगार, पेन्शन, बढती मागायला गेले की उत्तर मिळते, तुम्ही मानधनावर, तुम्ही नोकर नाही. आणि रात्री नऊ वाजता ग्रुपवर माहिती मागवली की त्या पूर्णवेळ, चोवीस तासांच्या नोकर! नोकर नसतील तर कोणत्या सेवाशर्तीखाली रात्रीचा हुकूम बजावता? आणि नोकर असतील तर कामाचे तास, जादा कामाचा मोबदला आणि रजेचे नियम दाखवा. दोन्हीकडून खायचे, हे चालणार नाही.

दुसरा मुद्दा व्हॉट्सॲपच्या हुकमाचा. जानेवारी २०२५ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की आरोपीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागणार नाही, कायद्याने सांगितलेल्या पद्धतीनेच ती बजावली पाहिजे. हरियाणा सरकारने तो आदेश बदलून मागितला, तेही त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायालयाने नाकारले. ते प्रकरण फौजदारी प्रक्रियेचे होते, अंगणवाडीला ते जसेच्या तसे लागू होते असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यामागचा विचार सरळ आहे. ज्या कागदाच्या आधारे माणसाचे नुकसान होऊ शकते, तो त्याच्या हाती रीतसर पडला पाहिजे. मग ज्या मेसेजला जावक क्रमांक नाही, सही नाही, काम किती वेळात करायचे याचा हिशेब नाही, त्या मेसेजला उत्तर दिले नाही म्हणून एका मानधनी बाईचे पैसे कापायला निघणे कोणत्या न्यायात बसते?

वाचकांना वाटेल, वकीलसाहेब मोबाईलवरून कुठल्या कुठे गेले. तसे नाही. आमच्या नांदगाव तालुक्यातच मनमाड आहे. तेथे १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांनी तेथे सांगितले. ते वाक्य आम्ही सगळे भाषणात वापरतो. पण त्याच भाषणातला एक तपशील फारसा कोणी सांगत नाही. रेल्वेत अस्पृश्याला गँगमनच का ठेवतात, पोर्टर का करत नाहीत, याचे कारण बाबासाहेबांनी तेथे दिले होते. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामेही करावी लागत. घरात अस्पृश्य चालत नाही, म्हणून तो पोर्टरच नको. एका बाजूला विटाळ, हे तर आहेच. पण दुसरी बाजूही पाहा. पोर्टर म्हणून घेतलेल्या माणसाने मास्तरच्या घरी पाणी भरावे, हे कोणत्या हुकमात लिहिलेले होते? कामाची हद्द आखलेली नसली की वरचा माणूस ती स्वतःच्या अंगणापर्यंत ताणतो. आज अंगण मोबाईलच्या पडद्यावर आले आहे, एवढाच फरक. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, त्यामागे त्यांचे कष्ट होते. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत नेण्यास मंजुरी दिली! घड्याळाचे तास एका बाजूने वाढत आहेत, आणि ज्यांच्या कामाला घड्याळच नाही त्यांचे तास मोबाईलने वाढत आहेत.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर तिकडचे एक उदाहरण देतो. गाडी चालवताना फोन नको, हे मनमाड-नांदगावच्या रेल्वे कुटुंबांतले शेंबडे पोरही सांगेल. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ सप्टेंबर २००८ मध्ये चालक मेसेज करण्यात गुंतला, लाल सिग्नल ओलांडून गेला, २५ माणसे मेली. त्याची चूक होती, कोणी नाकारत नाही. पण स्पेनमधील सांतियागोजवळ २४ जुलै २०१३ रोजी काय झाले? वेगाने जाणारी गाडी वळणावर रुळांवरून घसरली, सुमारे ८० माणसे गेली. चालक फोनवर होता हे खरे. तो फोन कोणा मित्राचा नव्हता. त्याच गाडीतल्या तिकीट तपासनिसाने पुढच्या स्थानकाबद्दल विचारण्यासाठी केलेला तो कामाचाच फोन होता. बोलण्यात चालकाचे वळणाकडे लक्ष राहिले नाही. वर्तमानपत्रे त्या चालकावर तुटून पडली. खालच्या न्यायालयाने मात्र २०२४ मध्ये चालकाबरोबर रेल्वेमार्ग यंत्रणेच्या तत्कालीन सुरक्षा प्रमुखालाही दोषी धरले, कारण त्या वळणावर गाडी आपोआप आवरण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती. खटल्याचे पुढे काय व्हायचे ते होवो. माणसाचे लक्ष उडू शकते हे धरून व्यवस्था बांधणे हे वरच्याचे काम आहे, एवढे त्या न्यायालयाने ओळखले. आपल्याकडे काट्यावरच्या मुलासाठी हे कोण ओळखणार?

महाराष्ट्रात या प्रश्नावर काहीच झाले नाही असे नाही. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तेथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी पुस्तके काढायची, मोठ्यांनी त्यांना बसवायचे. यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने त्याच वर्षी अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्यात मोठ्यांना सूट होती, म्हणून तो आम्हाला तितका पटत नाही. वडगावचा भोंगा मात्र मनाला पटतो, कारण तेथे बाप आणि पोरगा एकाच वेळी फोन ठेवतात. आमच्या वस्तीत हे करायचे तर विहारात करता येईल. ज्या घरात एकच खोली आणि एकच फोन आहे, त्या घरातल्या मुलाला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास त्याच फोनवर करावा लागतो. वरच्या बाजूने क्रिकेटचा स्कोअर, लग्नाच्या पत्रिका आणि कर्जाच्या जाहिराती टपकत असतात. मंत्र्याच्या मुलाला स्वतंत्र खोली, स्वतंत्र टेबल आहे. आमच्या मुलाजवळ लक्ष एवढेच भांडवल आहे आणि तेही रोज थोडे थोडे कोणीतरी काढून नेते. दीड तास फोन पेटीत ठेवून विहाराच्या अभ्यासिकेत छापील पुस्तक घेऊन बसवायला कोणत्याही सरकारी निधीची गरज नाही.

पण वडगावच्या भोंग्यालाही मर्यादा आहे. भोंगा वाजल्यावर शेतकऱ्याने फोन ठेवला, दुकानदाराने ठेवला. त्याच गल्लीत राहणाऱ्या ताईंच्या ग्रुपवर साडेसातला माहिती मागितली गेली तर त्यांनी काय करावे? गावाच्या ठरावाने वरच्या साहेबाची घंटी थांबत नाही. ती कायद्यानेच थांबेल. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा अधिकार मान्य केला. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कर्मचाऱ्याला वेळेनंतरचा फोन न उचलण्याचा हक्क आहे, तसा नकार अवाजवी ठरला तरच अपवाद. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी असे खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडले. मांडले हे चांगलेच. परंतु खासगी विधेयक संसदेने संमत केल्याला १९७० नंतर दुसरे उदाहरण नाही, हेही लक्षात ठेवलेले बरे. आणि समजा उद्या तसा कायदा झाला, तर त्याचा लाभ कोणाला? पुण्या-मुंबईच्या संगणक कंपन्यांत बसणाऱ्याला तो आपसूक मिळेल. अंगणवाडीताई, आशाताई, घरपोच पार्सल देणारी पोरे, ठेकेदाराकडचे सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार, ज्यांना कागदावर कोणी कर्मचारीच म्हणत नाही, ते कर्मचारी या व्याख्येच्या बाहेर राहिले तर तो कायदा आमच्या काही कामाचा नाही. आमच्या संघटनांनी आणि आमच्या नावाने निवडून येणाऱ्यांनी भांडायचे आहे ते त्या व्याख्येसाठी.

तोपर्यंत मागता येईल असे थोडे आहे आणि ते फार मोठे नाही. वजनाच्या आणि लसीकरणाच्या दिवशी केंद्राच्या वेळेत ग्रुपवर एकही मागणी येऊ नये. फोटो व माहिती दिवसातून एकदा, केंद्र सुटल्यावर घ्यावी. ज्यांनी भरले नाही त्यांच्या नावांची यादी सगळ्यांसमोर टाकण्याचा प्रकार बंद करावा, तो अपमान आहे. आणि मानधन कापायचे असेल तर जावक क्रमांकाचा लेखी आदेश आधी दाखवावा. एवढ्याचे परिपत्रक काढायला विधिमंडळाचे अधिवेशन लागत नाही.

आमच्याकडे आलेल्या ताईंचा खुलासा आम्ही लिहून दिला. वजनाची चूक त्यात लिहायची की नाही, यावर आम्ही दोघे बराच वेळ बोललो. लिहिली तर तीच चूक त्यांच्यावर उलटेल, असे आमचे वकिली मत होते. ताई म्हणाल्या, लिहा; मूल माझ्या केंद्रातले आहे. मग लिहिली, वेळेसहित, त्या वेळी आलेल्या मेसेजच्या नोंदीसहित. आवक शिक्क्याची पोच घेतली आहे. मुलाचे वजन आता दर आठवड्याला होते.

नांदगाव, मनमाड, न्यायडोंगरी भागातील ज्या भगिनींना अशा नोटिसा आल्या असतील त्यांनी घाबरून माफीनामा लिहून देऊ नये. मूळ नोटीस जपून ठेवावी. ग्रुपवरचे मेसेज पुसू नयेत, ज्या फोनवर ते आले तो फोन विकू नये किंवा बदलू नये. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा प्रमाणपत्रासह न्यायालयात देता येतो. वकिलाच्या फीची चिंता असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. त्यासाठी अर्ज तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे करावा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय घरी जाऊ नये.